‘ट्यूब बदला, बिल ९० टक्के कमी’: जुन्या इमारतीत हे गणित का बसत नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: ‘जिन्यातल्या जुन्या ट्यूब काढा, त्याच पट्टीत एलईडी ट्यूब घाला, सगळीकडे सेन्सर लावा. बिल ९० टक्के कमी, वायरमन नको, दहा वर्षं बघायला नको.’ एलईडी लावायलाच हवेत. बाकीचं मात्र एकेक करून तपासू.

‘९० टक्के कमी.’ १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला की हा आकडा येतो. जिन्यात असते ट्यूब. ट्यूबचे ३६ आणि तांब्याच्या चोकचे साधारण १२, अशी एक पट्टी ४८ वॅट खाते. तिथे २० वॅटची एलईडी पट्टी लावली की बचत ५८ टक्के. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर आणखी कमी. वीस पट्ट्या रोज बारा तास म्हणजे महिन्याला ३४५ युनिट, एलईडीवर १४४. वाचले दोनशे. पण त्याच कॉमन मीटरवरचा ५ एचपीचा पंप रोज तीन तास चालला तर चारशेच्या आसपास युनिट घेतो, आणि त्याला तुमच्या एलईडीशी काही देणंघेणं नाही. स्थिर आकारही तसाच राहतो. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीतही एकूण युनिट पाव भागाने उतरतील. वाईट नाही, पण सभेत ९० सांगून ठराव करू नका.

‘त्याच पट्टीत घाला, वायरमन नको.’ काही एलईडी ट्यूबना फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकाच टोकाला लागतो, काहींना दोन टोकांना. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये गेलं की मोकळ्या टोकाच्या पिनांवर करंट येऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक चोक तसाच राहिला तर नव्या ट्यूबचा ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा करंट देणारं आतलं सर्किट) जळतो. त्यापेक्षा होल्डर, चोक, स्टार्टर सगळं उतरवून अख्खी एलईडी पट्टी लावा.

आणि पट्टी उतरवताना जुनी वायर बघा. लाकडी बॅटनवरून गेलेली पन्नास वर्षांची वायर टोकाशी वाकवली की इन्सुलेशनचा भुगा हातात येतो. परवानाधारक ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन किती धरतंय ते मोजणारं यंत्र) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर दीड चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर, सोबत अर्थिंगची तार. ही चाचणी नव्या पट्ट्या जोडण्याआधीच करायची. जोडल्यावर मेगर मारलात तर ड्रायव्हर गेलेच म्हणून समजा.

‘सगळीकडे सेन्सर लावा.’ जुन्या स्विचबोर्डात बहुधा फेज आणि दिव्याकडे जाणारी तार एवढंच असतं. न्यूट्रल नसतो, आणि बहुतेक सेन्सरना तो लागतो. खोक्यावरची ‘५०० वॅट’ क्षमता साध्या बल्बसाठी असते. एलईडी चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात, त्याने सेन्सरच्या रिलेचे (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि दिवा दिवसरात्र जळत राहतो. एका सेन्सरवर चार-पाच पट्ट्या पुरेत. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता हेरतो; नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भिंतच शरीराइतकी तापली की त्याला माणूस नीट दिसत नाही. म्हणून प्रत्येक लँडिंगवर ५ वॅटचा एक दिवा सेन्सरविना, वेगळ्या एमसीबीवर (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) ठेवा.

स्विच बंद असूनही एलईडी मंद पेटत राहिला तर दिव्याला दोष देण्याआधी टेस्टर लावा. बंद स्विचनंतरही दिव्याच्या टोकाशी टेस्टर लख्ख पेटला, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवला आहे.

‘दहा वर्षं बघायला नको.’ बंद काचेच्या गोळ्यात घातलेला ९ वॅटचा बल्ब स्वतःच्याच उष्णतेने शिजतो. पण खरा शत्रू न्यूट्रल. इमारतीत तीन फेज येतात. मेन बोर्डावरची न्यूट्रलची लग (तारेच्या टोकाची, बोल्टने आवळायची पट्टी) सैल झाली तर कमी लोड असलेल्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशेच्या पुढेही व्होल्ट चढतात. जुना चोक-ट्यूब तेवढा वेळ तग धरून जायचा, ३०० व्होल्टपर्यंतचा ड्रायव्हर धरत नाही. एका रात्रीत दहा पट्ट्या गेल्या की दुकानदाराला शिव्या बसतात. सकाळी घराघरांत गिझर लागल्यावर तिन्ही फेजचे व्होल्ट न्यूट्रलपासून मोजा. एक फेज २०० आणि दुसरा २६० दाखवत असेल, तर एलईडीची ऑर्डर थांबवून आधी ती लग साफ करून आवळून घ्या.