कुणाचा डावा?

एका सिलिंडरच्या गाडीला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला पाजणारं यंत्र, एकच असतो, हे सुख ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना त्याची किंमत नाही. बुलेटवाले, येझदीवाले, स्कूटरवाले रविवारी सकाळी कार्बोरेटर खोलतात, फुंकतात, बसवतात आणि हात धुऊन मिसळ खायला जातात. आमच्याकडे राजदूत 350 आहे. तिला कार्बोरेटर दोन.

ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. यामाहाच्या आरडी 350 चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सनं 1983 मध्ये बाजारात आणला. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. बुलेट अठराएक अश्वशक्तीवर सगळा रुबाब करायची त्या काळात ही तीसच्या घरात होती. पुढं मायलेजसाठी कंपनीनं ताकद जरा कमी केली, पण लोकांनी पेट्रोलचा खर्च बघून लांबूनच नमस्कार केला. आमच्या बाबांनी मात्र जवळ जाऊन केला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. फक्त किल्ली. गाडी अजून त्यांचीच आहे, कारण मी पान्याला हात लावला की प्लास्टिकची खुर्ची अंगणात येते आणि तिच्यावर बाबा.

यंदा पावसाळाभर गाडी उभी राहिली. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर खराब करतं, आणि पेट्रोल उडून गेलं की कार्बोरेटरच्या वाटीत पिवळट डिंक शिल्लक राहतो. किक मारल्यावर गाडी एकाच सिलिंडरवर फटफटली. बाबा खुर्चीतून म्हणाले, "डावा खोल."

वाटीला चार स्क्रू. दिसायला साधे चौफुलीचे, पण माप जपानी. आपल्या नेहमीच्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांत पुरतं बसत नाही, जोर लावला की वर निसटतं आणि जाताना खाच गोल करून जातं. या गाडीवर चाळीस वर्षांत जितक्या मिस्त्रींचे हात फिरले त्या सगळ्यांनी आपली सही त्या चार स्क्रूंवर करून ठेवली होती. तीन निघाले. चौथ्यासाठी कार्बोरेटर पिशवीत घालून उद्यमनगरला नेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेला माणूस जगातली कुठलीही वस्तू 'ठेवून जावा, बघतो' एवढ्या वाक्यात ताब्यात घेतो आणि खरंच बघतो. त्यानं स्क्रूला भोक पाडलं, उलटा फिरवून काढला, आटे शाबूत. पैसे विचारले तर म्हणाला, "एवढ्याला काय पैसे, ताई. पण गाडी विकणार का?"

आत फार काही नसतं, हीच या यंत्राची खोड आहे. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट वर आला की पिन पेट्रोल बंद करते, खाली गेला की चालू करते. संडासच्या टाकीत हेच असतं. वरच्या निमुळत्या नळीतून हवा जोरात गेली की तिचा दाब उतरतो आणि वाटीतलं पेट्रोल बारीक भोकांच्या जेटमधून वर खेचलं जातं. बँकी आणि चोंका या हंगेरीतल्या दोघांनी 1893 मध्ये कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. फुलंवाली फुलांवर पाण्याचे तुषार उडवत होती, ते बघून कल्पना सुचली, अशी एक कथा सांगतात. खरी असेल तर त्या मुलीशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

सगळा घोळ स्लो जेटमध्ये. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि गाडी उभ्या-उभ्या चालते ती त्याच्यावर. मोठा मेन जेट पूर्ण रेस पिळली तरच कामाला येतो, म्हणजे दसरा चौकातल्या गर्दीत तो जन्मभर बसून पगार खातो. स्लो जेटमध्ये स्टीलची तार घालायची नाही, भोक मोठं होतं. वायर सोलून तांब्याचा एक केस काढायचा, तो हळूच ओवायचा, मग क्लीनरचा फवारा, मग कॉम्प्रेसरची हवा. फवारा मारताना दुसऱ्या भोकासमोर आपला डोळा नको. ही सूचना डब्यावर बारीक अक्षरात असते, आमच्याकडे बाबा मोठ्यानं देतात.

एव्हाना फाटकाशी मंडळी जमली. "भाऊ नाही काय घरात?" हा पहिला प्रश्न. भावाला सायकलची चेन बसवता येत नाही, हे मी कुटुंबाच्या अब्रूखातर सांगत नाही. मग सल्ले. एका काकांनी लिंबू पिळलेल्या पाण्यात कार्बोरेटर उकळायला सांगितला. हा उपाय लोक खरंच करतात. आई आतून म्हणाली, "माझ्या पातेल्यात नाही."

तिनं दोन ताटं मात्र दिली होती, डाव्याचे भाग एकात, उजव्याचे दुसऱ्यात. मिसळायचे नाहीत. स्लाइड, म्हणजे रेस पिळली की वर सरकणारी झडप, आणि तिचं घर वर्षानुवर्षं एकमेकांना घासून जुळलेली असतात. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल खुळखुळलं नाही, म्हणजे फुटलेला नव्हता. गळती नको म्हणून नवे गॅस्केट, नव्या ओरिंगा, हवेचा स्क्रू पूर्ण आत आणि मग दीड फेरा बाहेर. इथपर्यंत सगळं बुद्धीनं होतं.

पुढं बुद्धी उपयोगाची नाही. रेसची केबल एक, आणि ती पुढं तीन ठिकाणी फुटते: दोन कार्बोरेटर आणि एक ऑइल पंप. मूठ किंचित पिळली की दोन्ही स्लाइडी एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. वाटणी झालेल्या भावांसारखं आहे हे. एकाला केसभर जास्त मिळालं की दुसरा फुरफुरायला लागतो, आणि दोघे मिळून इंजिनाला कोर्टात खेचतात. दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून स्लाइड जाणवते का बघायची, ॲडजस्टर फिरवायचा, परत बघायचं. मग गाडी चालू करून दोन्ही सायलेन्सरमागं तळवे धरायचे आणि दोन्हीकडचा फुत्कार सारखा लागतो का ते अजमावायचं.

बाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "डावा मागं आहे." मी डाव्याची केबल ताणली. "आणखी मागं गेला." आणखी ताणली. "अगं, डावा म्हणतोय मी!" मी पण डावाच धरला होता. गाडीवर बसणाऱ्याचा डावा. बाबांची खुर्ची हेडलाइटसमोर होती आणि ते स्वतःच्या डाव्या हाताबद्दल बोलत होते. मिस्त्री लोकांत डावा म्हणजे स्वाराचा डावा, हे मी सांगितलं. "1985 पासून ही गाडी माझ्याकडे आहे," हे त्यावरचं उत्तर.

नव्या गाड्यांना हे दुखणं नाही. एप्रिल 2020 ला धुराचे बीएस-सिक्स नियम आले आणि बहुतेक गाड्यांना इंजेक्शन लागलं. पेट्रोल किती द्यायचं ते सेन्सर ठरवतात, आणि सेन्सरसमोर खुर्ची टाकून कुणी बसत नाही. ती व्यवस्था चांगली आहे, माझी काही तक्रार नाही.

शेवटी आई पदराला हात पुसत बाहेर आली. "डावं-उजवं सोडा. हा तुळशीकडचा आणि तो न्हाणीकडचा." विषय मिटला. "तुळशीकडचा अर्धा फेरा सैल." केला. "न्हाणीकडचा जरा ताण." ताणला. गाडी एका सुरात लागली, दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर सारखा. फाटकावरच्या काकांनी हा लिंबाचा गुण म्हणून जाहीर केलं.

रंकाळ्याला एक चक्कर मारून आले. रस्त्यावर कुठं अडली नाही, पाच हजारांच्या वर रेस गेल्यावर तर नुसती उधळली. दारात बाबा उत्सुकतेनं उभेच होते. "आता तुळशीकडचा कसा वाटतोय?"

मी गाडी नेहमीसारखी वळवून आत घेतली नव्हती, सरळ घातली होती. तुळशीकडं आता दुसराच होता. बाबा खुर्ची आणायला आत गेले.