स्प्रिंग वीकला जाताय? मग एक सौदा पकडा आणि त्याचा माग काढा

लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँकांचं स्प्रिंग वीक म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना (कोर्स चार वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षातल्या) ईस्टरच्या सुट्टीच्या आसपास आठवडाभर, कधी दोन आठवडे, बँक आतून दाखवण्याचा कार्यक्रम. नावाला ओळख, पण खरं तर पुढच्या वर्षीच्या समर इंटर्नशिपची चाळणी इथेच लागते. बऱ्याच बँका शेवटच्या दिवशी किंवा नंतर लगेच मुलाखत घेतात. ज्यांना हे माहीत नसतं ती मुलं भाषणं ऐकून, बँकेचं नाव छापलेली बाटली घेऊन परततात.

अर्ज साधारण शरद ऋतूच्या तोंडावर उघडतात आणि आले तसे तपासले जातात. त्यामुळे शेवटच्या तारखेकडे बघत बसण्यात अर्थ नाही, जागा त्याआधीच भरलेल्या असू शकतात. पुढे आकडेमोडीची चाचणी, मग रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखत. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचाराला जेमतेम अर्धा मिनिट आणि बोलायला दोनेक मिनिटं. इथे सगळ्यात जास्त मुलं 'आमचीच बँक का?' या प्रश्नावर पडतात. आपलं उत्तर तपासायची सोपी युक्ती आहे: त्यातलं बँकेचं नाव खोडून दुसऱ्या बँकेचं घाला. उत्तर तरीही बसत असेल तर ते फेकून द्या.

आता मुख्य मुद्दा. त्या आठवड्यात रोज चार-पाच विभागांची माणसं येऊन आपापलं काम सांगतात आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात नुसती खिचडी होते. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत एक काल्पनिक सौदा लिहा. एका पेन्शन फंडाला एका कंपनीचे 10 लाख शेअर घ्यायचे आहेत. फोन येतो सेल्सकडे, म्हणजे ग्राहकांशी बोलणाऱ्या विभागाकडे. भाव देतो ट्रेडर: समजा तो स्वतः 4.99 पाउंडांना घेईल आणि 5.01 ला विकेल. मधले 2 पेन्स ही त्याची वरवरची कमाई. वरवरची, कारण 10 लाख शेअर हाताशी नसतील तर ते बाजारातून गोळा करताना भाव 5.03 वर गेला की सौदा तोट्यात. त्याने किती जोखीम घ्यायची याची मर्यादा रिस्क विभाग ठरवतो. सौदा सिस्टिममध्ये नीट नोंदला गेला का, हे मिडल ऑफिस बघतं. एक शून्य जास्त पडलं तर इथे पकडायचं असतं. मग ऑपरेशन्स शेअर आणि पैशांची अदलाबदल पूर्ण करतं. अमेरिकेत 28 मे 2024 पासून ती सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होते. ब्रिटनने त्यासाठी 11 ऑक्टोबर 2027 ही तारीख ठरवली आहे. म्हणजे चूक सापडायला एक दिवस कमी.

आता समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा: 'या सौद्यात तुमच्या टेबलापाशी काय बिघडू शकतं?' 'तुमचा दिवस कसा जातो?' या प्रश्नाला सगळ्यांकडे पाठ केलेलं उत्तर तयार असतं. बिघाडाचं विचारलंत की माणूस खुलतो. माझं मत विचाराल तर ऑपरेशन्सचा तास सगळ्यात उपयोगी, आणि नेमक्या त्याच तासाला मुलं मोबाइल काढतात.

मर्जर-अधिग्रहणाच्या (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) विभागात रस असेल तर हिशेबाचा एक प्रश्न हमखास तयार ठेवा. घसारा (यंत्रांची झीज म्हणून हिशेबात दाखवलेला खर्च) 10 पाउंडांनी वाढला, कर 25 टक्के, तर काय होईल? करपूर्व नफा 10 ने घटतो, कर 2.50 ने वाचतो, निव्वळ नफा 7.50 ने उतरतो. घसाऱ्यात खिशातून पैसा जात नाही, म्हणून रोकड पत्रकात ते 10 परत मिळवायचे; रोकड 2.50 ने वाढते. ताळेबंदात यंत्रं 10 ने कमी, रोकड 2.50 ने जास्त, एकूण मालमत्ता 7.50 ने कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफाही तेवढाच कमी. जुळलं. बहुतेक मुलं 'रोकड वाढते' इथे अडखळतात, कारण पायऱ्या न समजता नुसतं उत्तर पाठ केलेलं असतं.

एक सावधगिरी. बँकेत सौद्यांवर सल्ला देणारे आणि बाजारात खरेदी-विक्री करणारे यांच्यात माहितीची भिंत असते. जाहीर न झालेल्या सौद्याची कुणकुण पलीकडे गेली तर कायद्याचा भंग होऊ शकतो. म्हणून ट्रेडिंग फ्लोअरवर सेल्फी नको. मागच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते तुम्हाला कळणारही नाही. लिफ्टमध्ये ऐकलेलं कंपनीचं नाव लिंक्डइनच्या पोस्टमध्ये तर अजिबात नको.

रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा: कोण भेटलं, कुठल्या विभागाचं, आणि त्यांच्या बोलण्यातला एक नेमका तपशील. आभाराची मेल त्या तपशिलावर बेतलेली, चार ओळींची, दुसऱ्या दिवसाच्या आत. आणि समरसाठी तिथेच निवड झाली नाही, तर पुढच्या शरदात नेहमीच्या मार्गाने इतर बँकांत अर्ज करता येतो. तेव्हा 'हाच विभाग का?' याचं उत्तर याच वहीत सापडतं.