"सगळे कपॅसिटर बदला, रेडिओ नवा होईल" म्हणे! नाही होत

हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज गरागरा फिरतोय. मूळ लिहिणारा कोण ते माहीत नाही, पण पुढे ढकलणारे एकदम खात्रीने ढकलतायत. सारांश असा: जुना ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारा आणि पकडणारा सेट) हातात आला की प्लग लावून बघा, मग सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदला, रिसेप्शन कमी असेल तर ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह) नव्या टाका, स्विचमध्ये डब्ल्यूडी-४० मारा, जुनी बॅटरी काढून फेका, कॉइलचे स्लग (आतले फिरवायचे फेराइटचे गाभे) फिरवून आवाज जास्तीत जास्त करा, अँटेना लावा आणि सीक्यू मारा, म्हणजे कुणी ऐकतंय का अशी हाक द्या. यातलं अर्धं अर्धं खरं आहे म्हणून लोकांना पटतं. मी एकेक घेतो, आणि उदाहरण म्हणून यासूचा एफटी-१०१ धरतो, सत्तरच्या दशकातला हायब्रिड (काही ट्यूब, बाकी ट्रान्झिस्टर) सेट, आपल्याकडच्या जुन्या हॅमच्या टेबलावर अजून दिसतो तो.

"प्लग लावून बघा."

अहो, आधी मागचं-खालचं झाकण उघडा. या सेटच्या ट्रान्सफॉर्मरला १००, ११०, ११७, २००, २२० आणि २३४ व्होल्टचे टॅप (निवडायच्या जोडण्या) आहेत, आणि सेट अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणला असेल तर तो ११७ वर जोडलेला असणार. तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की पुढचं सगळं वाचायची गरजच उरत नाही. टॅप २३४ वर घ्या, फ्यूज बरोबर रेटिंगचा आहे ना बघा (मागच्या मालकाने तार गुंडाळलेली असते, हमखास), आणि पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये सिरीज बल्ब ठेवा, साधा पिवळा शंभर वॉटचा, एलईडी नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि समोर हीटरचा वेगळा स्विच आहे तो बंद ठेवा, ट्यूब थंड राहूनसुद्धा रिसीव्हर चालतो.

"सगळे कपॅसिटर बदला."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं म्हणून इथे जरा थांबतो. चाळीस-पन्नासच्या दशकातला सेट असेल, आत मेणाच्या कागदाचे कपॅसिटर किंवा ते काळे "ब्लॅक ब्यूटी" असतील, तर हो, डोळे झाकून बदला, ते लीक होतातच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जे बारके एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलिटिक आले ते पण बुडातून पाझरतात आणि खालचा ट्रॅक खातात, तेही काढा. पण मधला काळ, म्हणजे एफटी-१०१, केनवूडचा टीएस-५२० वगैरे, यातले साधे लीडवाले जपानी कपॅसिटर बरेचदा अजून ठणठणीत असतात, आणि तुम्ही ते काढून गल्लीत स्वस्तात मिळाले म्हणून कुठल्या तरी ब्रँडचे टाकता तेव्हा चांगलं काढून वाईट घातलेलं असतं. त्यात त्या जुन्या बोर्डाचे पॅड (सोल्डर करायच्या तांब्याच्या चकत्या) जास्त गरम झाले की उचकटून येतात. एखादा उलटा बसतो. मग आधी एक फॉल्ट होता, आता तीन, आणि मूळचा कुठला ते कळायला मार्ग नाही.

बरं मूळचा फॉल्ट बरेचदा कपॅसिटरचा नसतोच. माझ्याकडे एकाने एफटी-१०१ई आणला होता, नखशिखांत कपॅसिटर बदललेला, तक्रार अशी की फ्रीक्वेन्सी मध्येच टुणकन उडी मारते. व्हीएफओचा (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरचा) डबा उघडला तर आत ट्यूनिंगच्या व्हेरिएबल कपॅसिटरच्या शाफ्टला जी पितळी पट्टी घासून अर्थ देते, तिथलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. कापसाच्या काडीला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून ते खरवडून काढलं, किंचित नवीन ग्रीस, उडी बंद. नवीन पार्टचा खर्च शून्य. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या सेटचं तर हे दुखणं ठरलेलंच, आणि दुसरं म्हणजे बोर्ड सॉकेटमध्ये खोचायचे आहेत, त्यांच्या कडेचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. बोर्ड काढून, पुसून परत बसवला की निम्मे भूतबाधेचे प्रकार जातात. केनवूडचा टीएस-४४०एस घ्या, डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके येतात, कारण व्हीसीओवर (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरवर) कारखान्यातच ओतलेला गोंद कालांतराने करंट वाहायला लागतो आणि आतले पाय खातो. तिथे गोंदच उकरून काढावा लागतो, बाकी सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले तरी ठिपके ते ठिपकेच.

मग काहीच बदलायचं नाही का? बदलायचं, पण मोजून. हाय व्होल्टेजचे मोठे फिल्टर कपॅसिटर वर्षानुवर्षं बंद असतील तर आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, त्यांना मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज देऊन सावरता येतं, लीकेज उतरलं नाही तर मग बदला. बायसच्या (फायनल म्हणजे आउटपुटच्या ट्यूबना काबूत ठेवणाऱ्या व्होल्टेजच्या) सप्लायचा कपॅसिटर मात्र मी शंका आली तरी बदलतो, कारण तो गेला की फायनलच्या ग्रीडचं (करंट आवरणाऱ्या जाळीचं) निगेटिव्ह व्होल्टेज जातं आणि ट्यूबची प्लेट तापून लाल होते. आणि एक लक्षात घ्या, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मोजणाऱ्या) मीटरवर चांगला दिसणारा कपॅसिटर तीनशे व्होल्टवर लीक होऊ शकतो, मीटर तेवढं व्होल्टेज देतच नाही.

त्याचंच उदाहरण म्हणजे या सेटमधला सगळ्यात बदनाम कपॅसिटर, आणि गंमत म्हणजे तो इलेक्ट्रोलिटिक नाहीच. ड्रायव्हर, म्हणजे फायनलच्या आधीची ट्यूब १२बीवाय७ए, तिच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रीडकडे जाणारा हजार पिकोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. मेसेज शब्दशः पाळणारा माणूस बाकी सगळं बदलेल आणि नेमका हा ठेवेल. तो लीक झाला की ड्रायव्हरचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रीडवर येतं आणि फायनलची महागडी जोडी मिनिटात साफ. तपासणी सोपी आहे: दोन्ही फायनल काढा, सॉकेटच्या ग्रीडच्या पिनवर मीटर लावा, निगेटिव्ह बायस दिसलं पाहिजे आणि ट्रान्समिटला टाकल्यावर ते शून्याजवळ किंवा पॉझिटिव्हकडे जाता कामा नये. गेलं तर एक केव्हीच्या वरचा चांगला कपॅसिटर घाला. हे करताना आत सहाशे व्होल्टच्या आसपास फिरतंय हे डोक्यात असू द्या, एक हात खिशात, आणि सेट बंद केल्यावरही रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट नाही.

"रिसेप्शन कमी असेल तर ट्यूब नव्या टाका."

हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. एफटी-१०१ चा रिसीव्हर पूर्ण ट्रान्झिस्टर आणि एफईटीवर (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) आहे! ट्यूब तीनच, एक ड्रायव्हर आणि दोन फायनल, तिन्ही ट्रान्समिटला. त्या काढून कपाटात ठेवल्या तरी रिसेप्शनमध्ये फरक पडणार नाही. रिसेप्शन पडलं असेल तर रिले, बँड स्विच, पुढचा एफईटी, या क्रमाने बघा. आणि फायनलची ६जेएस६सी ही मुळात टीव्हीच्या हॉरिझॉन्टल आउटपुटची ट्यूब, टीव्ही गेले तशी ती पण गेली, आता मिळते ती जुन्या साठ्यातली आणि भाव ऐकून घाम फुटतो. बरं, आणलीत तरी नुसती खोचून चालत नाही, दुसऱ्या कंपनीची असेल तर आतली कपॅसिटन्स वेगळी पडते, न्यूट्रलायझेशन (ट्यूबच्या आतून मागे फिरणारा सिग्नल रद्द करणारी जुळणी) परत करावं लागतं, नाहीतर स्टेज स्वतःच ऑसिलेट होते. बायस पण परत सेट करायचा, साधारण ६० मिलिअँपिअर आयडल (सिग्नल नसतानाचा) करंट. हे न करता "नवी ट्यूब पण खराब निघाली" म्हणणारे खूप भेटतात.

"डब्ल्यूडी-४० मारा."

नका मारू. ते गंजलेल्या बिजागरीला ठीक आहे. बँड स्विचच्या वेफरवर (कॉन्टॅक्टच्या चकतीवर) त्याचा तेलकट थर बसतो, धूळ धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरसुद्धा फवारायचा नाही, काडीच्या टोकाने थेंब लावायचा आणि स्विच पाचपंचवीस वेळा फिरवायचा, बस.

"जुनी बॅटरी काढून फेका."

लीक झालेली सेल काढायची हे बरोबर. पण आयकॉमचा आयसी-७५१ किंवा आर-७१ असेल तर जरा थांबा! त्यांच्या रॅम बोर्डवरची लिथियम सेल नुसत्या मेमरी चॅनलसाठी नाही, सेट कसा चालायचा तो प्रोग्रामच तिच्या जिवावर टिकून असतो. सेल काढली की प्रोग्राम गेला आणि चांगला चालता सेट ठोकळा झाला. बदलायची तर आधी दुसरा तीन व्होल्टचा सप्लाय समांतर जोडून, सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढून, तो गरम आहे तेवढ्यात काम उरकायचं. किंवा बॅटरीच लागत नाही असे पर्यायी बोर्ड निघालेत, ते आधी मागवून ठेवा आणि मग पेचकस हातात घ्या.

"स्लग फिरवून आवाज वाढवा."

कारखान्यात लावलेलं अलाइनमेंट आपोआप फारसं सरकत नाही, सरकवणारा बहुतेक वेळा माणूसच असतो. आयएफचे (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या टप्प्याचे) स्लग लोखंडी पेचकसाने फिरवले की फेराइट तडकतं आणि तो तुकडा कॉइलमध्ये कायमचा अडकतो. शिवाय आवाज मोठा आला म्हणजे ट्यूनिंग बरोबर असं नाही, फिल्टरच्या पासबँडच्या एका बाजूला ढकललं तरी आवाज वाढतो आणि मग सगळे नाकात बोलल्यासारखे ऐकू येतात. सिग्नल जनरेटर आणि सर्व्हिस मॅन्युअल नसेल तर स्लगला हात लावू नका. बाकी सगळे फॉल्ट काढून झाल्यावर, तेही प्लॅस्टिकच्या टूलने.

"अँटेना लावा आणि सीक्यू मारा."

आधी पन्नास ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर). प्लेट डिप करायची (प्लेटचा कंट्रोल फिरवून करंट कमीत कमी करायचा), लोड वाढवायचा, परत डिप, आणि की दाबून एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मग ट्यूबला श्वास घेऊ द्यायचा. करंटला नीट डिप येतो, आउटपुट सगळ्या बँडवर साधारण सारखं येतं, एवढं दिसलं की मग अँटेना. लायसन्स डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) आहे ना हे वेगळं सांगत नाही. नसेल तर परीक्षा द्या, तोपर्यंत सेट बाकावर उघडा पडलाय तर बोर्डाचे कॉन्टॅक्ट पुसून घ्या.