लग्न झालंय म्हणून होमलोनवर दोन सह्या? कोण म्हणतं!

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. एकाने तर रंकाळ्यावर फिरताना अडवून मोबाईलच पुढे धरला. मजकूर थोडक्यात असा: लग्न झालेल्याला एकट्याच्या नावावर होमलोन मिळत नाही, जोडीदाराचा सिबिल (कर्जफेडीच्या सवयीचा स्कोअर) खराब असेल तर विषय संपला, घर बायकोच्या नावावर केलं की स्टँप ड्युटी वाचते आणि टॅक्सची सूट दोघांनाही मिळते, आणि कर्जदार वारला की कर्ज माफ. मी कोल्हापुरात शाहूपुरीत होमलोनच्या फायली करतो. यातलं जसंच्या तसं काहीच खरं नाही.

पहिलं, दोन सह्यांचं. असा कायदाच नाही. बँक बघते ते खरेदीखतावर नावं कुणाची आहेत. दोघं मालक असतील तर दोघांना अर्जदार व्हावं लागतं, कारण घर गहाण ठेवायला सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. मालक एक आणि त्याचा पगार पुरेसा, तर कर्जही एकाचं. एखादी बँक तरीही जोडीदाराला घ्याच म्हणते. ते तिचं धोरण झालं. आपण शेजारच्या बँकेत जायचं.

सिबिलचा मुद्दा बहुतेक अमेरिकेतून आलाय. तिथे टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात आणि सरकारी विमा असलेल्या एफएचए कर्जात सही न करणाऱ्या जोडीदाराची देणीसुद्धा मोजतात. आपल्याकडे लग्नात पत्रिका जुळवतात, पॅन कार्डं नव्हे. स्कोअर ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्या पॅनवर.

फुलेवाडीतलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. नवरा शिरोलीत फाउंड्रीत. मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिला, मित्राने हप्ते थकवले आणि डाग लागला याच्या सिबिलला. दोघांची मिळून केलेली फाईल परत आली होती. बायको शिक्षिका, हातात ६०,००० पगार. म्हटलं, "वहिनी, तुमच्या एकटीच्या नावावर बघूया की." नवऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कागदावर कुठंच नाही?"

बँकेने पगाराचा निम्मा भाग हप्त्याला धरला, ३०,०००. साडेआठ टक्के, वीस वर्षं, लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये. म्हणजे साडेचौतीस लाख बसतात. पण स्कूटरचा ४,००० चा हप्ता चालू होता, तो वजा केला की तीस लाखांच्या आत. आधी स्कूटर फेडायला लावली. फ्लॅट ४० लाखांचा, त्यावर ८० टक्क्यांनी ३२ लाख मंजूर झाले. एकटीने अर्ज केला की दुसऱ्याचं उत्पन्न धरलं जात नाही, ही खरी अडचण. मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. वरच्या आठ लाखांत नवऱ्याची बचत होती. जाहीर उत्पन्नातून बायकोच्या नावावर घर घेतलं तर ते बेनामी ठरत नाही.

महाराष्ट्रात घराच्या स्टँप ड्युटीत महिलांना १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. इथे ४०,००० रुपये वाचले. मात्र खरेदीदार फक्त महिलाच हवी, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आणि टॅक्स? सूट मिळायला मालकही असावं लागतं आणि कर्जदारही. घर बायकोचं असताना नवरा नुसता सहकर्जदार झाला तर त्याच्या हातात फक्त हप्त्याची जबाबदारी. शिवाय स्वतः राहत्या घरावर व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही.

राहिलं मरणाचं. कर्ज माफबिफ काही होत नाही. वारसाला खिशातून भरावं लागत नाही हे खरं, जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. पण मालमत्ता म्हणजे तेच गहाण घर! हप्ते थांबले की बँक ते विकू शकते. हिंदू वारसा कायद्यात आणखी एक गोष्ट लोक विसरतात. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको-मुलांबरोबर त्याच्या आईचाही सारखाच हिस्सा. बायकोच्या नावावर असेल तर आधी नवरा आणि मुलं.

फुलेवाडीकरांना हे सांगितल्यावर त्यांनी ३२ लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे आयुर्विमा घेतला, वहिनींच्या जिवाचा, कारण कर्जदार त्या. मेडिकलला नवराच घेऊन गेला, त्याच स्कूटरवरून.