फौजीच्या घराने प्रश्न विचारायचा नाही, हे कोणी ठरवले?

आमच्या मेहकर तालुक्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: परक्या देशातील युद्धावर खरा सैनिक आणि त्याचे कुटुंब कधीच प्रश्न उपस्थित करीत नाही; अमेरिकेत इराक युद्धाला विरोध करणारे सगळे विद्यापीठांत बसलेले लोक होते; भारताने तर परक्या भूमीवर कधी फौजच पाठवली नाही, त्यामुळे आपल्याकडे हा विषयच उद्भवत नाही; अशा प्रश्नांनी जवानाचे मनोबल खचते; जो स्वखुशीने भरती झाला त्याच्या घरच्यांना बोलण्याचा हक्क नाही; आणि असा प्रश्न म्हणजे वीरमरण आलेल्यांचा अपमान. खाली तिरंगा, हात जोडल्याचे चिन्ह आणि 'दहा गटांत पाठवा' ही आज्ञा आहे.

ज्या घरातून हे लिहितो आहे त्या घरातील मोठेबाबा महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. संदेश त्यांनाही तीन वेळा आला, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आरंभ संदेशातील सर्वांत धडधडीत चुकीपासून करू. भारताने परक्या भूमीवर फौज पाठवली नाही, हे लिहिणाऱ्याला श्रीलंका ठाऊक नसावी किंवा आठवायची नसावी. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि त्याच्या आधारे भारतीय शांतिसेना त्या बेटावर उतरली. काम सांगितले होते ते तमिळ बंडखोरांची शस्त्रे खाली ठेवून घेण्याचे. प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये त्याच बंडखोरांशी, म्हणजे लिट्टेशी, जाफन्यात उघडे युद्ध सुरू झाले. ज्यांच्या गोळ्या आपल्या जवानांना लागत होत्या त्यांतील अनेकांना काही वर्षांपूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळालेले होते, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतील एकोणतीस जण मारले गेले आणि एक पकडला गेला. मार्च १९९० मध्ये शेवटचे जहाज परतेपर्यंत सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले होते.

ही फौज श्रीलंका सरकारच्या संमतीने गेली होती, तिला आक्रमण म्हणता येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्यांच्या दारासमोर ती उभी होती त्यांना कराराचे कलम दिसत नव्हते. उत्तरेतील तमिळांना ती परकी फौज वाटू लागली, दक्षिणेतील सिंहली संघटना तिला देशाचा ताबा घेणारी फौज म्हणत होत्या, आणि १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच 'परत जा' म्हणून सांगितले. एवढेच नव्हे, तर त्यांच्या सरकारने भारतीय सैन्याशी लढणाऱ्या लिट्टेला शस्त्रे पुरवली. मोठेबाबा या प्रकरणावर फारसे बोलत नाहीत. एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाले होते, "आपून कोनाच्या बाजूनं लढून रायलो, थे आखरीपर्यंत कोनी सांगतलं नाही." हे वाक्य बोलणारा माणूस विद्यापीठात बसलेला नव्हता. याच मोहिमेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या पलटणीच्या शौर्याबद्दल आमच्या घरात कधीच शंका नव्हती. शंका होती ती हुकुमाबद्दल, आणि संदेशकर्त्याने नेमकी हीच दोन निराळी माणसे, हुकूम देणारा आणि तो पाळणारा, एकाच पोत्यात भरली आहेत.

शंका केवळ शिपायांच्या ओट्यावरच राहिली असेही नाही. शांतिसेनेचे पहिले प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी निवृत्तीनंतर या मोहिमेवर पुस्तक लिहिले आणि दिल्लीतील राजकीय, मुत्सद्दी व लष्करी निर्णयप्रक्रियेवर जाहीर टीका केली. त्यांना मनोबल खचवणारे ठरवायचे असेल तर संदेश लिहिणाऱ्याने आपली लष्करी पात्रता आधी सांगावी.

अमेरिकेविषयीचा दावाही असाच हवेत आहे. इराकवर हल्ला झाला मार्च २००३ मध्ये. सैनिकांच्या कुटुंबीयांची विरोधी संघटना त्याच्या काही महिने आधी, २००२ च्या अखेरीसच स्थापन झाली होती. इराकमधून परतलेल्या सैनिकांनी २००४ मध्ये स्वतःची संघटना काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बगदादच्या सद्र सिटी भागात मारल्या गेलेल्या एका सैनिकाची आई, सिंडी शीहान, ऑगस्ट २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या टेक्सासमधील शेतवाडीजवळ रस्त्याच्या कडेला तळ ठोकून बसली. तिचे म्हणणे एवढेच होते की माझा मुलगा कोणत्या उदात्त कारणासाठी मेला ते मला समोर बसून सांगा. ज्या महासंहारक अस्त्रांचे कारण देऊन युद्ध पुकारले गेले ती अस्त्रे सापडलीच नव्हती, त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर देणे अवघडच होते. २००६ मध्ये अनेक निवृत्त जनरलांनी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा मागितला आणि त्यांत इराकमध्ये प्रत्यक्ष डिव्हिजन सांभाळलेला अधिकारीही होता. त्याआधीच्या पिढीत, एप्रिल १९७१ मध्ये, व्हिएतनामहून आलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदके वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर फेकली होती. यांतले विद्यापीठातले कोण, हे मला शोधून सापडत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण संदेशाने ती अर्धीच सांगितली. मुलगा गमावलेल्या अनेक अमेरिकन कुटुंबांनी युद्धाला ठामपणे पाठिंबा दिला आणि शीहानबाईंवर कडक टीका केली. त्यांचाही तो अधिकार होता. सैनिकाचे घर म्हणजे एकसुरी आरती नव्हे, एवढाच याचा अर्थ.

मनोबलाच्या मुद्द्यावर एक प्रसंग पुरेसा आहे. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्या तळावर एका साध्या अमेरिकन सैनिकाने रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारले की आमच्या गाड्यांना चिलखत लावण्यासाठी आम्हाला भंगारातून पत्रे का वेचावे लागतात? जमलेल्या सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिटनमध्ये तर हलक्या चिलखताच्या गाड्यांत मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांनी सरकारला न्यायालयात खेचले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा चालवण्यास परवानगी दिली. इराक युद्धाची सखोल चौकशी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे मागे लागणाऱ्यांतही १७९ मृत ब्रिटिश सैनिकांपैकी अनेकांची कुटुंबे होती. त्या चौकशीच्या, जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिलकॉट अहवालाने शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू केले गेले, असा निष्कर्ष काढला. भंगारातले पत्रे मनोबल खचवतात की त्याविषयीचा प्रश्न, हे ज्याने कधी गाडीत बसून गस्त घातली आहे त्यालाच विचारावे.

आता 'स्वखुशीने भरती' या मुद्द्याकडे येतो. आमच्याकडे पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पोरे धावताना दिसतात. त्यांत देशप्रेम असते, वर्दीची ओढ असते, आणि घरी तीन एकर कोरडवाहू असते, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नसतो, हेही असते. या सगळ्यांतून माणूस भरतीच्या रांगेत उभा राहतो आणि मग जी शपथ घेतो ती मनापासून घेतो. पण त्याने मरण पत्करले म्हणजे कोणत्याही कारणासाठी मरण पत्करले, असा त्याचा अर्थ होत नाही. सालगड्यानेसुद्धा कामाला होकार दिलेला असतो, म्हणून त्याला शेजाऱ्याच्या भांडणात काठी घेऊन पाठवता येत नाही. अमेरिकेत कराराची मुदत संपलेल्या हजारो सैनिकांना इराक व अफगाणिस्तानच्या काळात सक्तीने सेवेत अडकवून ठेवले गेले, तेव्हा तर ती खुशीही उरली नव्हती.

शिवाय आपल्याकडे एक साधी घटनात्मक गोष्ट आहे. अनुच्छेद ३३ नुसार संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येते आणि लष्करी कायदा व नियमांनी ती घातलेली आहे: सेवेतील जवानाला परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येत नाही आणि राजकीय सभेत भाग घेता येत नाही. शिस्तीसाठी ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या तोंडाला कायद्याने कुलूप आहे त्याच्या वतीने बोलणारा कोण उरतो? घरचे, आणि निवृत्त झालेले. संदेश नेमके याच दोघांना गप्प बसायला सांगतो.

बरे, हा प्रश्न विचारणे देशद्रोह असेल तर तो भारत सरकारनेही केलेला आहे. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सुमारे १७,००० सैनिकांची एक डिव्हिजन मागितली होती. फौज कोणाच्या हुकुमाखाली राहणार, संयुक्त राष्ट्रांचा आदेश आहे काय, याचा दिल्लीत खल झाला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय विचार करता येणार नाही असे सांगून, नकार दिला. त्या डिव्हिजनमध्ये कामठीला प्रशिक्षण घेतलेली, बुलढाण्या-अकोल्याची किती पोरे गेली असती कोण जाणे. शीहानबाईंनी रस्त्याच्या कडेला बसून जे विचारले तेच आपल्या मंत्रिमंडळाने आधी विचारले, इतकाच फरक.

राहिला अपमानाचा मुद्दा. श्रीलंकेहून शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. कामी आलेल्या जवानांचे स्मारक श्रीलंकेने आपल्या राजधानीजवळ उभारले आणि दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतीवर त्यांची नावे येण्यासाठी फेब्रुवारी २०१९ उजाडावा लागला. यांतला एकही निर्णय कोणाच्या आईने वा विधवेने प्रश्न विचारल्यामुळे झालेला नाही. मोठेबाबांना ती भिंत अजून पाहता आलेली नाही. सोयाबीन निघाल्यावर दिवाळीनंतर त्यांना दिल्लीला न्यायचे ठरले आहे. आपल्या कंपनीतल्या चौघांची नावे त्यांनी आतापासूनच एका वहीत लिहून ठेवली आहेत.