तिकीट ठरतं कुठे आणि पैसे कोणाचे?

आमचा भाचा पिट्सबर्गला असतो, आता तिकडचा नागरिक झालाय. परवा फोनवर नुसता फणफणत होता. "मामा, पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायची निवडणूक इथे सरकार घेतं. खर्च माझ्या करातून. आणि मी कुठल्याच पक्षाकडे नाव नोंदवलेलं नाही म्हणून मला मतच नाही!" या निवडणुकीला तिकडे प्रायमरी म्हणतात, आणि त्याच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ती बंदिस्त असते, म्हणजे पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांपुरतीच.

मला हसू आलं. आमची लालबागची प्रायमरी म्हणजे एबी फॉर्म, हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद! जानेवारी 2026 च्या पालिका निवडणुकीत तो कोणाच्या खिशात आहे हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळेना. आमच्या चाळीतला एक कार्यकर्ता वीस वर्षं सतरंज्या उचलतोय. तिकीट मिळालं भलत्यालाच.

"पण खर्च तरी पक्षाचाच ना?" भाचा म्हणाला. कसला! पक्षांच्या उत्पन्नाला कलम 13अ खाली आयकरात सूट, मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर फुकट वेळ, मतदारयाद्याही फुकट. पैसे आपणही घालतोच, फक्त पावती मिळत नाही. 2013 साली केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असं सांगितलं, तर एकानेही जुमानलं नाही.

अमेरिकेतली पद्धतही काही हौसेनं आलेली नाही. पक्षाच्या दादा लोकांकडून तिकीटवाटप काढून घ्यायला विस्कॉन्सिनने 1903 मध्ये प्रायमरीचा कायदा केला. तरी 1968 ला डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, आणि त्यावरून गदारोळ झाल्यावर नियम बदलले.

मग आपल्याकडेही पक्षांचे उमेदवार ठरवायची निवडणूक सरकारनेच घ्यावी का? माझं उत्तर नाही. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं मुंबईत प्रशासक होता, नगरसेवकांची निवडणूकच वेळेवर झाली नाही. त्याच यंत्रणेच्या हाती तिकीटवाटपही द्यायचं? सत्तेतला पक्ष विरोधकांचा उमेदवारसुद्धा ठरवून मोकळा होईल.

पण जाब मागायचा हक्क आपला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्षांना सांगितलंय, गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट का दिलं ते छापा, आणि 'निवडून येईल' एवढंच कारण चालणार नाही. हाच नियम सरसकट लावा ना. मागितलं कोणी, ठरवलं कोणी, दिलं का, एवढं पानभर लिहायला काय जातं? सवलती हव्यात तर लिहा, नाहीतर आयकर भरा.

तो सतरंजीवाला प्रचाराच्या वेळी मतदार चिठ्ठी द्यायला दारात आला. मी विचारलं, "कोणी ठरवलं रे?" त्याने बोट वर केलं.

आमच्या वर गच्चीत पाण्याची टाकी आहे फक्त.