कोपराला गूळ लावण्याची राजमान्य पद्धत

आफ्रिकेतील एखाद्या देशाचे युवक कल्याण खाते आपल्या गळ्यात पडले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. अर्थमंत्र्याला कोणाला तरी पैसे द्यावे लागतात, बांधकाममंत्र्याला निदान एखादा रस्ता दाखवावा लागतो. आपल्याला मात्र केवळ सक्षमीकरण करायचे आहे, आणि सक्षमीकरण ही अशी वस्तू आहे की ती गावभर वाटली तरी वाटणाऱ्याच्या पदरचे काही कमी होत नाही. तरीही हे काम नाजूक आहे. तरुणांच्या कोपराला गूळ असा लावावा लागतो, की त्याचा वास यावा, तो डोळ्यांना दिसावा आणि जीभ मात्र तिथवर पोहोचू नये.

मसुदा नव्याने लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. आफ्रिकी संघाने २ जुलै २००६ रोजी गांबियातील बांजूल येथे आफ्रिकी युवा सनद स्वीकारली आणि ८ ऑगस्ट २००९ पासून ती अमलातही आली. तरुण म्हणजे १५ ते ३५ वर्षे वयाची व्यक्ती, असे ही सनद सांगते. (पन्नाशी ओलांडलेल्या ‘युवा नेत्यां’चे फलक चौकाचौकांत वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ही मर्यादा फारच कडक वाटेल, हे मान्य आहे.) संसदेत आणि निर्णय घेणाऱ्या अन्य संस्थांत तरुणांच्या सहभागाची हमी द्यावी, असे तिचे कलम ११ बजावते; परंतु ती हमी विहित कायद्यांनुसार द्यावयाची आहे. ‘विहित कायद्यांनुसार’ या शब्दांखाली आपण लाल रेघ ओढून ठेवावी, कारण कायदे कोण विहित करतो, हे सनदेने सौजन्यपूर्वक आपल्यावरच सोपवले आहे.

ते कसे करावे, हे युगांडाकडून शिकावे. तेथील संसदेत तरुणांसाठी पाच जागा राखीव आहेत, त्यामुळे प्रतिनिधित्वाचा प्रश्न कोणी काढलाच तर उत्तर तयार असते. योवेरी मुसेवेनी १९८६ मध्ये सत्तेवर आले, तेव्हा खुर्चीला चिकटून बसणारे नेते हेच आफ्रिकेचे दुखणे आहे, असे त्यांचे निदान होते, आणि या रोगाचा ते तेव्हापासून जवळून अभ्यास करीत आहेत. पंच्याहत्तरीनंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहता येणार नाही, ही राज्यघटनेतील अट त्यांच्या अभ्यासाच्या आड येऊ लागली, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये संसदेने ती मोठ्या बहुमताने काढून टाकली. येथपर्यंत कोणीही पोहोचू शकतो. खरे कौशल्य पुढे आहे. त्याच दुरुस्तीने किमान ३५ वर्षांची अटही काढली गेली, त्यामुळे आजोबांसाठी दार उघडताना नातवालाही अठराव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष होण्याचा अधिकार मिळाला, आणि तरुणांसाठी आपण काय केले, असे विचारणाऱ्याचे तोंड एकाच मतदानात बंद झाले. अर्थात, अधिकार मिळाला म्हणून तो कोणी गांभीर्याने घ्यावा, अशी अपेक्षा नसते. २०२१ च्या निवडणुकीत ३८ वर्षांचे गायक बॉबी वाइन मुसेवेनींच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा मतदानानंतर त्यांच्या घराला सैनिकांचा वेढा पडला आणि घरात बसून सहभाग घेण्याची सोय त्यांना दहाबारा दिवस मिळाली. तरुण फोनवर चकाट्या पिटतात, याचेही तेथील सरकारला वाईट वाटत होते. म्हणून जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप, फेसबुक आणि ट्विटर वापरण्यासाठी दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावण्यात आला. नागरिक बोलतो त्या प्रत्येक दिवसाची पावती ठेवणारे दुसरे युवक धोरण आमच्या पाहण्यात नाही.

अशी घटनादुरुस्ती आपल्याला झेपणारी नसेल, तर नायजेरियाचा मार्ग अधिक सुसंस्कृत आहे. ‘निवडणूक लढवण्याइतके आम्ही मोठे आहोत’ अशी मोहीम तेथील तरुणांनी नेटाने चालवली आणि ३१ मे २०१८ रोजी पंच्याहत्तर वर्षांचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी त्यांच्या कायद्यावर सही केली. राष्ट्राध्यक्षपदासाठीचे किमान वय ४० वरून ३५ वर आले, प्रतिनिधिगृहासाठीचे ३० वरून २५ वर आले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. आपल्या देशातील बरेच तरुण शाळेत गेलेले नाहीत आणि काही न करता सारे फुकट मिळावे, अशी त्यांची अपेक्षा आहे, असे बुहारी जेमतेम दीड महिन्यापूर्वी लंडनमध्ये म्हणाले होते. पण सहीच्या दिवशी अशा गोष्टी उगाळू नयेत. पुढे २०२३ च्या निवडणुकीसाठी त्यांच्याच सत्ताधारी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांकडून अर्जांपोटी १० कोटी नायरा मागितले. त्या वेळी देशातील किमान वेतन महिन्याला ३०,००० नायरा होते. म्हणजे एखाद्या होतकरू तरुणाने अन्नपाणी सोडून सगळा पगार साठवला, तर सुमारे २७८ वर्षांनी त्याला पक्षाच्या कार्यालयात जाऊन अर्ज घेता आला असता. हे जाचक वाटू नये म्हणून चाळिशीच्या आतील इच्छुकांना दोन अर्जांपैकी केवळ उमेदवारी अर्जावर निम्मी सवलत देण्यात आली, आणि ती धरल्यास हा काळ सुमारे १८० वर्षांवर येतो. वयाची अट त्याआधी पाचच वर्षांनी खाली आली होती. सवलतीने एका फटक्यात जवळजवळ शंभर वर्षे वाचवली. पक्षाने उमेदवारी सत्तर वर्षांच्या गृहस्थांना दिली.

परिषदा भरवण्यात कुचराई करू नये, मात्र तिथी आणि स्थळ पाहून घ्यावे. ट्युनिशियाचे झिन अल-अबिदिन बेन अली यांच्या सरकारने पुढाकार घेतल्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष १२ ऑगस्ट २०१० रोजी सुरू झाले. ते चार महिन्यांचे झाले तोच, १७ डिसेंबरला, सिदी बुझिद गावात हातगाडीवर फळे विकणाऱ्या मोहम्मद बुअझिझी या २६ वर्षांच्या तरुणाचा माल जप्त झाला. त्याने सरकारी कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली विमानात बसून देश सोडून गेले आणि युवा वर्षाचे उरलेले सात महिने यजमानाविना पार पडले. त्याच वर्षीच्या जूनअखेर युवकांच्या सक्षमीकरणाला वाहिलेली आफ्रिकी संघाची शिखर परिषद विषुववृत्तीय गिनीत मलाबो येथे भरली. यजमान होते १९७९ पासून सत्तेवर असलेले तेओदोरो ओबियांग. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी तेथे समुद्रकिनारी ५२ बंगले बांधले होते. सक्षमीकरण पोकळ नव्हते, हेही नमूद केले पाहिजे: ओबियांग यांचे चिरंजीव पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

कॅमेरूनमध्ये ११ फेब्रुवारी हा युवा दिन असतो आणि आदल्या संध्याकाळी १९३३ साली जन्मलेले राष्ट्राध्यक्ष पॉल बिया तरुणांना उद्देशून भाषण करतात. मतदानाचे वय तेथे २० आहे, त्यामुळे श्रोत्यांपैकी बहुतेकांवर ऐकण्याखेरीज कसलीही जबाबदारी पडत नाही.

धोका आहे तो आपले शब्द खरे मानणाऱ्या तरुणांचा. केनियाच्या राज्यघटनेत लोकसहभाग सक्तीचा आहे, आणि २०२४ साली तेथील मुलांनी वित्त विधेयकच वाचायला घेतले. कलमे सोपी करून एकमेकांना सांगितली, स्थानिक भाषांत उतरवली, आमदार-खासदारांचे दूरध्वनी खणखणत ठेवले आणि २५ जूनला ते संसदेच्या आवारात शिरले. गोळीबार झाला, माणसे मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करण्यास नकार दिला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून वित्त विधेयकाचा धडा काढून टाकता येतो का, हे आपण शिक्षण खात्याला विचारून ठेवावे.

तरुणाच्याच हाती सत्ता द्यावी, असे कोणी भोळेपणाने सुचवील, तर त्याला मादागास्कर दाखवावे. आंद्री राजोएलिना २००९ मध्ये सत्तेवर आले, तेव्हा ते ३४ वर्षांचे होते, म्हणजे सनदेच्या व्याख्येत अगदी चपखल बसत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अंतानानारिव्होच्या रस्त्यांवर उतरलेली मुले त्यांनी काढलेल्या कोणत्याही योजनेबद्दल बोलत नव्हती. ती नळाला पाणी आणि घरात वीज मागत होती, आणि तीन आठवड्यांत राजोएलिना देशाबाहेर होते. तेव्हा आपल्या युवा परिषदेचे सभागृह ठरवताना जनरेटरची सोय आहे ना, एवढे स्वतः जाऊन पाहावे, कारण ठराव वाचून होण्याआधी दिवे गेले, तर अंधारात कोण किती वर्षांचा आहे, हे कळत नाही.